सत्तेचाळीस, पास

शिएन-युंग म्हणाला, मावशी, तू नुसतं बघ,
आणि मला तैपेईच्या त्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर नेलं,
जिथं मदरबोर्ड काचेमागे उभे असतात
वरातीतल्या घोड्यासारखे सजून.

खिशात त्याचा प्रोसेसर, साबणाच्या डबीत,
काळ्या स्पंजावर. (कापसावर नाही,
एवढं मी शिकवलंय.)
कंपनी म्हणते पाच गिगाहर्ट्झ.
हा म्हणतो, पाच पॉइंट सात.
वय एकोणीस.
त्या वयाला कुणी लिहून दिलेला आकडा
अपमानच वाटतो.

विक्रेत्यानं आधी दिवे दाखवले.
जांभळे, मग निळे, मग सगळे मिळून.
मग म्हणाला, सोळा फेज.
मी चष्मा कपाळावर सरकवला, बोर्ड तिरका धरला,
नखानं त्या चौकोनी कॉइल मोजल्या.
बाबा रे, आठच आहेत,
आरशासमोर उभं करून मोजल्यास तू.
तो हसला. पकडलं गेलेलं माणूस
हसतं तसं.

मी सव्वीस वर्षं ताओयुआनला लाइनवर होते.
बोर्ड माझ्यासमोरून जायचे, दर अकरा सेकंदांनी एक,
आणि मी डोळ्यांनी सांगायचे: हा जाऊ दे. हा थांबव.
चिप पळते म्हणतात लोक.
चिप कसली पळतेय, ती बसलेली असते जागच्या जागी.
पळते ती वीज, तिच्या दारापर्यंत,
आणि तिची वाट रुंद आहे की बोळ,
उन्हात की सावलीत,
हे बोर्ड ठरवतो. म्हणून हीटसिंक बघ.
चकचकीत पत्रा नको, जड ठोकळा हवा, पातळ पाती काढलेला,
खाली चिकटलेला. मध्ये हवा राहिली
की सगळं मुसळ केरात.

शिएन-युंगला तो जांभळाच हवा होता.
मी काही बोलले नाही.
कोपऱ्यातला एक करडा बोर्ड हातात दिला,
दिवे नाहीत, नावही धड नाही,
पण फेज खरे बारा, आणि बायोस बिघडलंच
तर मागच्या बाजूला परत फिरायचं बटण.
वजन बघ, म्हटलं.
त्यानं दोन्ही हातांत दोन बोर्ड धरले
आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

तो पैसे देत होता तेव्हा मी जिन्याखाली गेले,
जिथं जुने बोर्ड किलोवर विकतात.
वरून तिसरा.
काठावर पिवळा पडलेला स्टिकर:
सत्तेचाळीस, पास.
तो माझा नंबर.
सॉकेटभोवती कपॅसिटरची टोपणं फुगलेली,
दोन फुटून तपकिरी वाळलेलं.
त्या वर्षी ते सगळीकडेच फुगले,
आतला द्रवच खोटा होता, असं नंतर कळलं,
बाहेरून कुणालाच दिसलं नसतं.
कुणालाच.
साठ डॉलर मागितले, मी दिले. घासाघीस केली नाही.

रात्री त्यानं पाच पॉइंट सात लावलं. काळा पडदा.
व्होल्टेज वाढवलं. काळा पडदा.
तिसऱ्यांदा चालू झालं, चार मिनिटं, मग पंखा
प्रेशर कुकरसारखा ओरडायला लागला.
मी हीटसिंकजवळ तळवा नेला.
नुकत्याच उकडलेल्या अंड्याइतका. चालेल.
बोर्ड दमला नाही रे, तुझी चिपच नाही म्हणतेय.
त्यानं ओठ चावला, आकडा खाली आणला.
पाच पॉइंट पाच.
टिकलं.
पहाटे तीनपर्यंत टिकलं, तो खुर्चीतच झोपला.

माझा बोर्ड अजून पिशवीत आहे.
त्याला दाखवला नाही.
विचारलं असतं त्यानं, हा कशाला आणलास,
आणि मला
लाइनवर असल्यासारखं
अकरा सेकंदांत उत्तर द्यावं लागलं असतं.